मतदारांचा असंतोष व मतनिर्णय : बुलढाणा जिल्हा

शासनाच्या कारभाराविषयी लोकांत निर्माण होणारी नाराजी आणि तिचा मतदाराच्या निवडीवर होणारा परिणाम, हा राज्यशास्त्रातील मतदानवर्तनाच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होय. लोकशाहीत सत्तांतर शांततेने घडवून आणण्याचे साधन म्हणजे मत. परंतु नाराजी आणि मत यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो. असंतुष्ट मतदार सत्तारूढ पक्षाविरुद्ध मत देतोच असे नाही, आणि त्याने तसे मत दिले तरी सत्तारूढ पक्ष पराभूत होतोच असेही नाही. महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्याचा निवडणूक-इतिहास हा संबंध समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. १९७७ ते १९९९ या काळात या मतदारसंघाने १९८४ चा अपवाद वगळता प्रत्येक लोकसभा निवडणुकीत आपला पक्ष बदलला. त्यानंतर मात्र दीर्घकाळ एकाच पक्षाकडे कौल दिला. दोन्ही कालखंडांत असंतोष होता. फरक पडला तो त्याला वाट मिळण्याच्या परिस्थितीत.

सैद्धांतिक विवेचन : असंतोषाचे मतात रूपांतर होण्यापूर्वी मतदाराच्या मनात सामान्यतः चार प्रश्नांची उत्तरे ठरावी लागतात. आपली स्थिती बिघडली आहे काय, हा पहिला प्रश्न अनुभवाचा. तिला जबाबदार कोण, हा दुसरा. अधिक चांगला पर्याय उपलब्ध आहे काय, हा तिसरा. आणि त्या पर्यायाला दिलेले मत परिणामकारक ठरेल काय, हा चौथा. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी वा अस्पष्ट राहिले, तर नाराजी मनातच राहते किंवा निवडणुकीबाहेरील मार्ग शोधते.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी १९६० च्या दशकात असे प्रतिपादन केले, की मतदार मुख्यतः झालेल्या कारभाराचा हिशेब घेतो; भावी धोरणांची आश्वासने तो तुलनेने कमी जमेस धरतो. या मताला ‘मागोवा घेणारे मतदान’ असे म्हणता येईल. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मतदार निरनिराळ्या पक्षांकडून होणाऱ्या संभाव्य लाभाची तुलना करतो. अर्थशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असंतोषाचे दोन मार्ग दाखविले : संबंध तोडून बाहेर पडणे आणि आत राहून आवाज उठविणे. निष्ठा प्रबळ असेल, तर माणूस पहिल्याऐवजी दुसरा मार्ग पत्करतो. पक्षावर रुष्ट असूनही त्याच पक्षाला मत देणारा, पण मोर्चात पुढे असणारा शेतकरी हे हर्शमन यांच्या विवेचनाचे नेहमी आढळणारे उदाहरण आहे.

ब्रिटन व भारत या दोन्ही देशांत एका मतदारसंघातून सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार निवडून येतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळणे आवश्यक नसते. या पद्धतीत असंतोष एकवटला, तर तो झपाट्याने सत्तांतर घडवितो. ब्रिटनमध्ये १९७८–७९ च्या हिवाळ्यातील व्यापक संपांनंतर जेम्स कॅलाहॅन यांचे मजूर पक्षाचे सरकार २८ मार्च १९७९ रोजी ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने अविश्वास-ठरावात पराभूत झाले आणि मे महिन्यातील निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांचा हुजूर पक्ष सत्तेवर आला. उलट जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने सु. ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. हुजूर पक्षावरील नाराजी अनेक पक्षांत विभागली गेली, तरी तिचा मोठा लाभ एकाच पक्षाला झाला. मते आणि जागा यांतील हे अंतर बुलढाण्याच्या निकालांतही वारंवार दिसते. [⟶ निवडणूक].

जिल्ह्यातील असंतोषाची कारणे : बुलढाणा जिल्ह्याचे लोकव्यवहारात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानले जातात. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार व मेहकर हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहेत. पूर्णेकाठच्या काही भागांत भूजल खारे असून तो प्रदेश ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो; तेथे पिण्याच्या पाण्याची अडचण तीव्र असते. पठारावर मुख्य अडचण सिंचनाची. उमेदवार घाटावरचा की घाटाखालचा, ही विचारणा त्यामुळेच केवळ प्रादेशिक अभिमानातून होत नाही. निधी आणि पाणी कोणत्या बाजूला जाणार, हे तीत अभिप्रेत असते.

जिल्ह्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. दीर्घकाळ कापूस हे येथील मुख्य नगदी पीक होते. खामगावची कापूस बाजारपेठ एकोणिसाव्या शतकात एवढी महत्त्वाची होती, की जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्येच सुरू झाला. पुढे सोयाबीनने कापसाचे बरेच क्षेत्र व्यापले. दोन्ही पिकांचे भाव शेतकऱ्याच्या हाती नसतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी वऱ्हाडात रुजविली, आणि तेव्हापासून शेतमालाचा भाव हा या जिल्ह्यात राजकीय प्रश्न झाला. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. त्यानंतर २००८, २०१७ व २०१९ असे तीनदा कर्जमाफीचे निर्णय झाले. २००८ च्या केंद्रीय योजनेत संपूर्ण माफीसाठी पाच एकरांची मर्यादा होती. पाच एकरांहून अधिक, पण कोरडवाहू जमीन असलेल्या विदर्भातील अनेक कर्जदारांना तीमुळे पूर्ण लाभ मिळाला नाही आणि मदतीच्या योजनेतूनच नवी नाराजी उत्पन्न झाली.

सिंचनाचा अनुशेष हे दुसरे कारण. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजला. त्यानंतर अन्य विभागांतील सिंचनाचा अनुशेष बव्हंशी दूर झाला, तरी अमरावती विभागातील बुलढाण्यासह चार जिल्ह्यांचा दीर्घकाळ शिल्लक राहिला. नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्प अनेक दशके रेंगाळला. बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन व लाभक्षेत्राला पाणी या दोन्ही गोष्टींची वाट पाहण्यात एक पिढी गेली. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी तर ब्रिटिश काळापासूनची आहे. पतपुरवठ्याच्या बाबतीत, २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांमार्फत मिळणारे पीककर्ज त्यामुळे आटले आणि शेतकऱ्यांना राष्ट्रीयीकृत बँकांकडे, प्रसंगी सावकाराकडे वळावे लागले.

जबाबदारीचा प्रश्न : मतदाराला कारभाराचा हिशेब घ्यावयाचा असेल, तर कोणते काम कोणाचे, हे त्याला ठाऊक असावे लागते. संघराज्यात हे सोपे नाही. सोयाबीनचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. किमान आधारभूत किंमत कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र शासन ठरविते. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती क्विंटलमागे ४,८९२ रुपये होती. खाद्यतेलाच्या आयातीवरील शुल्कही केंद्राच्या अखत्यारीत असते आणि त्याचा बाजारभावावर थेट परिणाम होतो. प्रत्यक्ष खरेदी केंद्रीय संस्थांसाठी राज्यातील यंत्रणा करतात. खरेदी केंद्रे उशिरा उघडली किंवा ओलाव्याच्या निकषावर माल परत गेला, तर रोष स्थानिक यंत्रणेवर येतो. पीकविम्याची योजना केंद्राची (२०१६ पासून), हप्त्याचा एक वाटा राज्याचा, भरपाईचा निर्णय विमा कंपनीचा आणि नुकसानीचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांचे, अशी विभागणी असते. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद केली.

अशा रचनेत प्रत्येक स्तरावरील सत्ताधारी दुसऱ्या स्तराकडे बोट दाखवू शकतो. मतदारापुढे मात्र मतपत्रिकेवर मोजकीच नावे असतात. परिणामी जो समोर आहे, त्याच्यावर राग निघतो : केंद्राच्या धोरणाचा राग विधानसभेच्या उमेदवारावर, राज्याच्या दिरंगाईचा राग खासदारावर. या गोंधळात जवळच्या स्तरावरील निवडणुकांना विशेष महत्त्व असते. रस्ता, शाळा, पाणी यांबाबतचा राग तेथे योग्य ठिकाणी व्यक्त होऊ शकतो. तथापि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे २०२२ ते २०२५ या काळात राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्यामुळे नाराजीला वाट देणारा हा जवळचा दरवाजा बंद होता आणि तिचा भार २०२४ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांवर पडला.

लोकसभा निवडणुकांचा इतिहास : १९७१ पर्यंत बुलढाणा हा काँग्रेसचा खात्रीचा मतदारसंघ होता, शिवराम रंगो राणे यांनी १९५७, १९६२ व १९६७ असे तीनदा त्याचे प्रतिनिधित्व केले. १९७७ पासून तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्या वर्षी आणीबाणीविरोधी लाट उत्तर भारतात प्रबळ होती. विदर्भातील बहुसंख्य जागा मात्र काँग्रेसने राखल्या. बुलढाणा याला अपवाद ठरला. तेथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. १९८० मध्ये काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक आणि १९८४ मध्ये त्यांचे पुत्र मुकुल वासनिक विजयी झाले. १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे, १९९१ मध्ये पुन्हा मुकुल वासनिक, १९९६ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ मध्ये पुन्हा वासनिक व १९९९ मध्ये पुन्हा अडसूळ, असा क्रम राहिला.

हा क्रम केवळ मतदारांच्या चंचलतेचा मानणे योग्य नाही. १९९८ मध्ये काँग्रेसने रिपब्लिकन गट व समाजवादी पक्ष यांच्याशी समझोता केला होता. राज्यातील युती शासनाविरुद्धची नाराजी एका बाजूला गोळा झाली आणि राज्यातील ४८ पैकी काँग्रेसला ३३ व रिपब्लिकन पक्षाला ४ जागा मिळाल्या. अवघ्या दीड वर्षात राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष वेगळा झाला. १९९९ मध्ये काँग्रेसला १० व राष्ट्रवादीला ६ जागा मिळाल्या, तर शिवसेनेला १५ व भाजपला १३. म्हणजे सत्तारूढ युतीविषयीची नाराजी दीड वर्षात नाहीशी झाली नव्हती. ती विभागली गेली होती. बुलढाण्यातील निकाल याच सूत्रात बसतो.

यानंतर मतदारसंघ स्थिरावला. २००४ मध्ये अडसूळ पुन्हा निवडून आले. मतदारसंघ-पुनर्रचनेनंतर २००९ पासून जागा सर्वसाधारण झाली आणि मलकापूर विधानसभा क्षेत्र रावेर मतदारसंघास जोडले गेले. मेहकरचे तत्कालीन आमदार प्रतापराव जाधव यांनी २००९ मध्ये राष्ट्रवादीचे राजेंद्र शिंगणे यांचा सु. २८ हजार मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये त्यांचे मताधिक्य दीड लाखाहून अधिक झाले. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न ज्या काळात सर्वांत तीव्र होता, त्या काळातील म्हणजे २००४ व २००९ च्या निवडणुकांत पश्चिम वऱ्हाडातील कापूसपट्ट्याने केंद्र व राज्य या दोन्ही ठिकाणी सत्तेत असलेल्या वा येऊ घातलेल्या आघाडीविरुद्ध मत दिले, असे दिसते. राज्यात व केंद्रात सत्ता इतरत्र ठरली. येथील असंतोषाची नोंद झाली, पण त्याने सत्ता बदलली नाही.

२०१९ व २०२४ च्या निवडणुका : २०१९ मध्ये जाधव यांनी शिंगणे यांचा सु. १ लाख ३३ हजार मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीचे बळिराम सिरस्कार यांना सु. १ लाख ७२ हजार मते मिळाली. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराची मते विजयी मताधिक्याहून अधिक होती. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली व जाधव एकनाथ शिंदे यांच्या गटात गेले. २०२४ मध्ये दोन्ही शिवसेना परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. शेतकरी चळवळीतील रविकांत तुपकर हे सोयाबीन-कापसाचे भाव व पीकविमा या प्रश्नांवरील आंदोलनांच्या बळावर अपक्ष उभे राहिले.

निकाल पुढीलप्रमाणे लागला : जाधव ३,४९,८६७, शिवसेनेच्या उद्धव बाळासाहेब ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर ३,२०,३८८, तुपकर २,४९,९६३. जाधव यांचे मताधिक्य २९,४७९ होते. २०१९ च्या तुलनेत विजयी उमेदवाराची मते पावणेदोन लाखांच्या आसपास घटली आणि त्याला मिळालेला वाटा एकूण मतांच्या एक-तृतीयांशाहून कमी राहिला. अपक्षाची मते मताधिक्याच्या आठपटींहून अधिक होती. कोणत्याही मोठ्या पक्षाचे चिन्ह नसलेल्या उमेदवाराला अडीच लाख मते मिळणे, हे जिल्ह्यातील शेतकरी-असंतोषाचे प्रमाण स्पष्ट करते. त्याच वेळी, दोन मोठ्या प्रवाहांत वाटला गेलेला असंतोष विद्यमान प्रतिनिधीला हटवू शकत नाही, हेही त्यावरून दिसते. जाधव यांची पुढे केंद्रीय राज्यमंत्रिपदी नियुक्ती झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत चित्र पालटले. जिल्ह्यातील सात जागांपैकी महायुतीला सहा मिळाल्या : भाजप चार (चिखली, खामगाव, जळगाव जामोद, मलकापूर), शिवसेना एक (बुलढाणा) व राष्ट्रवादी काँग्रेस एक (सिंदखेड राजा). सोयाबीनचा बाजारभाव आधारभूत किमतीखाली असतानाही हा निकाल लागला. महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना त्याच वर्षी जुलैपासून सुरू झाली होती. शेतमालाच्या भावाची हानी कुटुंबप्रमुखाच्या नजरेस येते, तर ही रक्कम थेट स्त्रीच्या खात्यात जमा होते. एकाच घरातील दोन मतदारांचा हिशेब यामुळे वेगळा लागू शकतो. बुलढाण्यात संजय गायकवाड यांना केवळ ८४१ मतांचे आधिक्य मिळाले. मेहकरमध्ये, म्हणजे केंद्रीय राज्यमंत्र्यांच्याच पूर्वीच्या क्षेत्रात, तीन वेळा आमदार राहिलेले संजय रायमुलकर हे ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात यांच्याकडून पराभूत झाले. सिंदखेड राजा येथे महायुतीचे दोन घटक पक्ष परस्परांविरुद्ध लढूनही त्यांपैकी एकाचे मनोज कायंदे विजयी झाले. सत्ताविरोधी मतांप्रमाणेच सत्तापक्षाची मतेही विभागली जातात आणि प्रत्येक क्षेत्रातील गणित निराळे असते, हे यावरून स्पष्ट होते.

निवडणुकीबाहेरील व निवडणुकीतील मार्ग : असंतोष व्यक्त करण्याचे इतर मार्गही या जिल्ह्यात रूढ आहेत. तहसीलदारांना निवेदन, धरणे, रास्ता रोको, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा, नेत्यांना गावबंदी आणि मतदानावर बहिष्काराचा इशारा, अशी त्यांची चढती भाजणी असते. बहिष्काराचा उपयोग बहुधा प्रत्यक्ष मतदानापूर्वीच होतो. रस्ता वा पाणीपुरवठा यांबाबत प्रशासनाकडून लेखी आश्वासन मिळविणे हा त्याचा हेतू असतो. प्रत्यक्ष मतदान न केल्यास मात्र त्या गावाचे वजन निकालातून वजा होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयानंतर मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. लोकसभा व विधानसभा निवडणुकांत त्याला कितीही मते मिळाली, तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ठरतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक संस्थांसाठी निराळा नियम केला : या पर्यायास सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावयाची. अशा रीतीने नकाराला स्थानिक स्तरावर काही प्रमाणात परिणामकारकता मिळाली. वरच्या स्तरांवर तो निषेधाची नोंद एवढाच राहिला.

मूल्यमापन : बुलढाण्याच्या अनुभवावरून काही सामान्य निष्कर्ष काढता येतात. असंतोषाची तीव्रता निकाल ठरवीत नाही. तो किती ठिकाणी वाटला जातो, हे निकाल ठरविते. १९९८ मध्ये तो एकवटला आणि प्रतिनिधी बदलला. १९९९ मध्ये तो विभागला आणि युतीचा उमेदवार पुन्हा निवडून आला; २०२४ मध्येही तो विभागला आणि प्रतिनिधी बदलला नाही. दुसरे असे, की जात, घाटावर-घाटाखाली हा भेद, पक्षनिष्ठा व उमेदवाराशी असलेला परिचय हे घटक असंतोषाला बाजूला सारत नाहीत. तो कोणत्या पर्यायाकडे वळावा, याची दिशा ते ठरवितात. तिसरे, प्रश्न आणि त्याला जबाबदार असलेला स्तर यांचा मेळ न बसल्यास मत शिक्षेचे साधन ठरते. सुधारणेचे ठरत नाही. विजयी प्रतिनिधीला मिळालेल्या मतांच्या दुपटीहून अधिक मते त्याच्याविरुद्ध पडलेली असतात, अशा मतदारसंघात निवडून आलेल्याने न मिळालेल्या मतांचाही अर्थ लावणे आवश्यक ठरते. भाव, पाणी व पतपुरवठा यांवरील मागण्या निवडणुकीने निकालात निघत नाहीत. पुढील हंगामात त्या पुन्हा बाजार समितीच्या आवारात, तहसील कचेरीच्या दारात व कालांतराने मतपेटीत प्रकट होतात.